क्लायंटचं काम आणि स्वतःचं काम: रेघ कुठे ओढायची?

शाईपेन:

इलस्ट्रेशनवर घर चालवणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. कामाचं स्वरूप असं: पुस्तकांची कव्हरं, आतली चित्रं, मासिकांची कामं, मधूनच एखादं जाहिरातीचं काम. त्याशिवाय शाईतली स्वतःची एक चित्रमालिका सुरू आहे. ४० चित्रं करायची आहेत, १४ झाली. आठवड्याला साधारण ४५ तास हाताशी असतात. त्यातले ४० क्लायंटच्या कामात जातात आणि ५ कागदपत्रं, बिलं, पैशांची आठवण करून देणं यात. मालिकेच्या वाट्याला रात्री दहानंतरचा वेळ येतो, तोही हात-डोळे दमलेले असताना.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. कोणतं काम नाकारायचं हे ठरवायची काही पद्धत असते का? मनाला विचारलं तर खात्यात किती शिल्लक आहे त्यावर उत्तर बदलतं.

२. 'चेहरा हसरा करा, रंग जरा उठावदार करा' अशा करेक्शन कुठवर मान्य करायच्या? कितव्या करेक्शननंतर ते चित्र आपलं राहत नाही?

३. एका कंपनीला नेमकी मालिकेतलीच शैली जाहिरातीसाठी हवी आहे. नेहमीच्या तिप्पट दर देतात. हे घेतलं तर मालिकेचं नुकसान होतं का?

'मनाचं ऐका' हा सल्ला पुष्कळदा मिळाला आहे. आकडे, कलमं, पद्धती सांगितल्यात तर फार उपयोग होईल.

---

हिशेबवही:

पहिला प्रश्न मुळात हिशेबाचा आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

वर्षाचे ५२ आठवडे. आजारपण, सुट्ट्या, घरची कामं यांचे ६ वजा केले की ४६ उरतात. ४५ तासांनी गुणलं की २०७०. यातल्या प्रत्येक तासाचं बिल होत नाही. ब्रीफ (क्लायंटला काय हवं त्याची माहिती) समजून घेणं, कोटेशन, ईमेल, फायलींचा बॅकअप, पोर्टफोलिओ, हाती न लागलेल्या कामामागे गेलेला वेळ, हे सगळं आपल्याच खिशातून जातं. एकट्याने काम करणाऱ्याचे बिलात उतरणारे तास निम्म्यापेक्षा थोडे जास्त धरावेत. मी इथे ५५ टक्के धरतो, म्हणजे ११३८ तास. तुम्ही '४० तास क्लायंटचे' म्हणता, पण महिनाभर टायमर लावून मोजा. त्या ४० मधले कितीतरी तास कुठल्याच बिलात सापडणार नाहीत.

आता मालिकेसाठी आठवड्याचे ८ तास आधीच बाजूला काढा. वर्षाचे ३६८ झाले. २०७० मधून वजा करून उरले १७०२, त्याचे ५५ टक्के ९३६. वर्षाचा घरखर्च, कर, साहित्य, संगणक-स्कॅनरची झीज आणि बचत यांची बेरीज करून तिला ९३६ ने भागा. तो तुमचा किमान ताशी दर.

११३८ चे ९३६ झाले, म्हणजे बिलाचे तास सुमारे १८ टक्क्यांनी घटले. कमाई तेवढीच राहायला हवी तर दर जवळपास २२ टक्क्यांनी वाढवावा लागेल, किंवा खर्च त्या प्रमाणात कमी करावा लागेल. तुमच्या मालिकेची खरी किंमत ती एवढी आहे. एकदा आकडा समोर आला की 'कलेशी प्रामाणिक राहणं परवडतं का' या भल्यामोठ्या प्रश्नाचा 'हे २२ टक्के कुठून आणायचे' असा लहान प्रश्न होतो, आणि त्याला उत्तरं असतात.

ती अशी शोधा. गेल्या बारा महिन्यांतली सगळी कामं एका तक्त्यात लिहा: मिळालेली रक्कम, प्रत्यक्ष लागलेले तास, पैसे किती दिवसांनी आले. रकमेला तासांनी भागा आणि उतरत्या क्रमाने लावा. मोठ्या रकमेची काही कामं थेट तळाला जातील, कारण त्यांत करेक्शनचे तास वाहून गेलेले असतात. तळाची दोन-तीन कामं सोडली तर आठवड्याचे आठ तास सुटतात का, ते आधी बघा. सुटत असतील तर दरवाढ थोडीच लागेल. दर वाढवताना नव्या क्लायंटला पुढच्या कोटेशनपासून नवा दर सांगा, जुन्यांना दोन महिने आधी लेखी कळवा. चालू कामात दर बदलू नका.

आता नकाराबद्दल. शिल्लक बघून उत्तर बदलतं, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. म्हणून शिल्लकच नियमात घाला. एक वेगळं खातं उघडा आणि प्रत्येक बिलाचे पैसे आले त्याच दिवशी, घरखर्चाला हात लावण्याआधी, १० टक्के तिकडे वळवा. मग प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा: दर किमान दराएवढा आहे का? चित्राबाबत मोकळीक आहे का, किंवा काही नवं शिकायला मिळेल का? माणसं धड आहेत का, म्हणजे निर्णय घेणारा एकच आहे आणि पैसे वेळेवर येतात?

वेगळ्या खात्यात तीन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर तिन्हींना 'हो' हवं. एक ते तीन महिन्यांचा खर्च असेल तर दोन 'हो' पुरेत. महिन्यापेक्षा कमी असेल तर फक्त दर बघा. अपवाद एकच, तो म्हणजे तुमची 'कधीच नाही'ची यादी, कितीही पैसे मिळाले तरी घ्यायची नाहीत अशा कामांची. ती चार-पाच ओळींची असावी, खातं भरलेलं असताना लिहावी, खाली तारीख टाकावी आणि सहा महिन्यांतून एकदाच उघडावी. पैशांची चणचण असताना लिहिलेल्या यादीत ऐनवेळी पळवाटा सुचतात.

---

कलम_सहावं:

हिशेबवही यांच्या तक्त्याला पूर्ण अनुमोदन. दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर करारात असतं. करेक्शन सुरू झाल्यावर वाद घालायचा तर ती भूक आणि भीती यांची कुस्ती होते. म्हणून सगळं आधी लिहून ठेवायचं. एक पान पुरतं.

टप्पे आणि पैसे: काम मान्य झाल्यावर ४० टक्के अ‍ॅडव्हान्स, रफ (पेन्सिलीतला कच्चा आराखडा) मान्य झाल्यावर ३०, फायनल फाइल देताना ३०. रफच्या टप्प्यावर करेक्शनच्या दोन फेऱ्या, फायनलवर एक, त्यापुढे ताशी दर. रफ मान्य झाल्यावर मांडणी बदलली तर ते नवं काम धरायचं. हे का लिहावं लागतं, तर पेन्सिलीत हात वर उचलायला दहा मिनिटं लागतात. शाईत तोच हात उचलायचा तर अख्खा कागद पुन्हा करावा लागतो. क्लायंटला दोन्ही करेक्शन सारख्याच वाटतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

एकच आवाज: करेक्शन एकाच व्यक्तीकडून, लेखी, एकत्रित. हे कलम नसलं की संपादक म्हणतात आकाश गडद करा, विक्री विभाग म्हणतो फिकं करा, आणि तुम्ही दोघांच्या मधला राखाडी रंग शोधत बसता. चित्रं बहुतेक वेळा तिथे मरतात. कुणा एकाच्या वाईट अभिरुचीने मरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त.

काम रद्द झालं तर: रफआधी रद्द झालं तर अ‍ॅडव्हान्स परत नाही. रफ दिल्यानंतर, पण मान्य होण्याआधी, ५० टक्के. फायनलनंतर पूर्ण रक्कम. आणि रद्द झालेल्या कामाचे सगळे हक्क तुमच्याकडे परत.

वापर: कशासाठी, कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात, किती काळ. 'या पुस्तकाच्या छापील आणि ई-आवृत्तीचं मुखपृष्ठ, एका भाषेत, ५ वर्षं' एवढं नेमकं लिहा. पोस्टर, मग, टी-शर्ट, जाहिरात यांना वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. तयार करारांत बहुधा 'सर्व हक्क, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत' असं वाक्य असतं. ते खोडून वरचं लिहा आणि परत पाठवा. पुष्कळदा हे वाक्य जुन्या नमुन्यातून तसंच उचललेलं असतं, समोरच्याला त्यातलं फारसं काही नकोच असतं. यंत्राला (एआयला) शिकवण्यासाठी चित्र वापरायचं नाही, ही ओळही आता वेगळी लिहावी लागते.

मूळ कागद: चित्र छापण्याचा हक्क आणि चित्राचा कागद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कागद तुमच्याकडेच राहील असं स्पष्ट लिहा.

फेरफार: चित्र आरशातल्यासारखं उलटं करणं, कापणं, रंग बदलणं, त्यावर काही चढवणं, यातलं काहीही विचारल्याशिवाय करू नये. उलटं करणं निरुपद्रवी वाटतं. पण उजवखोर माणूस डावखोर होतो, शर्टाची बटणं दुसऱ्या बाजूला जातात आणि उजेड बाजूच्या चित्राच्या उलट दिशेने येऊ लागतो.

नाव: श्रेय कुठे आणि कसं छापायचं ते लिहा, आणि चित्रात मान्य नसलेले बदल झाले तर नाव काढून घेण्याचा हक्कही लिहा. बर्न करारात (कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात) १९२८ साली रोम इथे जे कलम घातलं गेलं त्यात नेमकं हेच आहे: आर्थिक हक्क विकले तरी श्रेयाचा हक्क निर्मात्याकडे राहतो, आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्कही राहतो. याला नैतिक हक्क म्हणतात. प्रत्यक्षात देशोदेशी फरक आहे. फ्रान्समध्ये हे हक्क निर्मात्यालाही सोडून देता येत नाहीत, ब्रिटनमध्ये लेखी सही करून सोडता येतात. म्हणून 'नैतिक हक्क सोडून देत आहे' ही ओळ करारात आहे का, ते सहीआधी शोधा.

आणि सगळ्यात कामाची ओळ: 'वापराचे हक्क पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच लागू होतील.' थकलेलं बिल मागताना आवाज चढवावा लागत नाही. बिल भरलं नसताना चित्र छापलं तर ते विनापरवाना छापलं, एवढं एका वाक्यात कळवता येतं.

गरजेच्या वेळी केलेली सही किती महाग पडू शकते त्याचं एक उदाहरण. कर्जात बुडालेल्या रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीने १८६५ मध्ये स्टेलोव्स्की या प्रकाशकाकडून ३००० रूबल घेतले. अट अशी की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी द्यायची, नाहीतर त्याचं लेखन नऊ वर्षं मोबदला न देता छापायचा हक्क प्रकाशकाला. शेवटी त्याने लघुलेखिकेला सांगून २६ दिवसांत कादंबरी पुरी केली आणि कसाबसा सुटला. मुदतीचं कलम सगळ्या करारांत असतं. ती चुकली तर दंड काय आणि तो कामाच्या किमतीच्या प्रमाणात आहे का, हे वाचायचं राहून जातं.

---

मोकळी_रेघ:

करारावर सहमत. मात्र करेक्शन म्हणजे तुमच्या चित्रावरचा हल्ला, हा प्रश्नामागचा सूर मला खटकला. क्लायंट उपाय सांगतो, दुखणं सांगत नाही. दुखणं आपण शोधायचं असतं. ते सापडलं की निम्म्या वेळा चित्र तुमच्याच पद्धतीने सुधारता येतं.

'चेहरा हसरा करा' हेच घ्या. समजा पावसात थांबलेल्या मुलीचं चित्र आहे. ओठ सरळ आहेत, तुम्हाला तिची वाट बघणारी शांतता हवी आहे. क्लायंटला ती रडवेली वाटते. आता ओठांना हात न लावता चार गोष्टी तपासा. भुवयांची आतली टोकं वर उचलली गेलीत का? दोन मिलिमीटरचा चढ पुरतो, चेहरा केविलवाणा होतो. खालच्या पापणीखाली आडव्या रेघांची छटा दिली आहे का? ती रडून सुजल्यासारखी दिसते. हनुवटी गळ्याकडे झुकली आहे का? आणि पावसाच्या रेघा चेहऱ्यावरून गेल्यात का? गालावरची उभी रेघ म्हणजे वाचणाऱ्याला अश्रूच. भुवया सपाट केल्या, पापणीखालची छटा काढली, चेहऱ्याभोवती पाऊस थोडा विरळ केला की मुलगी न हसताही रडवेली दिसत नाही. रफ परत पाठवताना लिहा: 'ती दुःखी वाटत होती, ते दुरुस्त केलं आहे. ओठ मुद्दाम तसेच ठेवलेत, कारण पुढच्या पानावर ती हसते.' बहुतेक जण यावर थांबतात.

'रंग उठावदार करा' याचा अर्थही बऱ्याचदा रंगाचा नसतो. चित्र राखाडी छटांत बदलून बघा. मुख्य आकृती आणि पाठीमागचा भाग एकाच गडदपणाचे दिसले तर दुखणं तिथे आहे. पार्श्वभूमी दोन छटा फिकी करा. भडक रंग न वापरता आकृती पुढे येते.

तेव्हा फेऱ्या मोजण्यापेक्षा मी करेक्शन तीन ढिगांत टाकेन. पहिला ढीग चित्र पोचत नसल्याच्या तक्रारींचा. या ऐकायच्याच, त्या फुकट मिळालेलं शिक्षण आहे. दुसरा निव्वळ आवडीनिवडीचा: निळा नको, हिरवा हवा. पुस्तक त्यांचं आहे, द्या हिरवा. तिसरा ढीग चित्राचा अर्थ फिरवणाऱ्या करेक्शनचा. गोष्टीतली मुलगी धीट आहे आणि चित्रात तिला कुणाच्या तरी मागे उभं करा म्हणतात, किंवा सगळ्यांचा वर्ण उजळ करा म्हणतात. इथे थांबायचं, कारण लेखी सांगायचं, आणि ऐकलं नाही तर नाव काढून घेण्याचं कलम वापरायचं. 'चित्र आपलं राहत नाही' ते इथे. पहिल्या दोन ढिगांतल्या दहा करेक्शननेही तसं होत नाही.

---

शाईपेन:

तीन ढीग फार पटले, धन्यवाद. आत्तापर्यंत दुसऱ्या ढिगातल्या करेक्शनवर सगळी ताकद जात होती आणि तिसऱ्या ढिगातल्या दमून मान्य केल्या जात होत्या.

दोन उपप्रश्न. अर्धवेळ नोकरी धरून क्लायंटचं काम कमी करणं शहाणपणाचं आहे का? आणि मालिका विकून तिचाच खर्च निघू शकतो का? आगाऊ नोंदणी घेऊन, मूळ चित्रं, प्रिंट, कसंही.

---

दुपारची_शिफ्ट:

नोकरी आणि निर्मिती एकत्र चालवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. लेखक काफ्का १९०८ ते १९२२ प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत होता. सकाळी आठ ते दुपारी दोन ऑफिस, लिखाण रात्री. कवी टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ लंडनच्या लॉइड्स बँकेत होता. संगीतकार फिलिप ग्लास चाळिशी गाठेपर्यंत प्लंबिंग करत होता आणि टॅक्सी चालवत होता. यातल्या कुणाचीही नोकरी त्याच्या कलेच्या शेजारची नव्हती, हे लक्षात घ्या. आणि नोकरी अंगावर येते ही तक्रार काफ्काच्या डायरीत पानोपानी आहे, म्हणजे हा बिनत्रासाचा मार्ग नाही.

नोकरी निवडताना तीन गोष्टी बघा. सुटायची वेळ ठरलेली असावी. तुमच्या कलेला लागतात तेच स्नायू तिथे थकू नयेत. दिवसभर फोटो रिटच करून संध्याकाळी शाईची बारीक रेघ मारायची, हे सगळ्यात वाईट, त्यापेक्षा उभं राहून करायचं काम बरं. आणि तिथे नवी कल्पना सुचवायची जबाबदारी नसावी. अर्धवेळ नोकरीने तुमच्या किमान खर्चाचा निम्मा भाग भागत असेल तर उरलेल्या वेळात तळाचे क्लायंट सोडता येतात. निम्म्यापेक्षा कमी भागत असेल तर वेळही गेला आणि चणचणही तशीच, असं होतं.

नोकरी असो वा नसो, मालिकेचे आठ तास रात्रीतून हलवून दिवसा ठेवा. आठवड्यातल्या दोन सकाळी दोन-दोन तास आणि एक सलग चार तासांची बैठक, फोन आणि ईमेल उघडण्याआधी. प्रत्येक बैठक संपवताना एक सोपी जागा मुद्दाम अर्धी सोडा, पेन्सिल झालेली पण शाई राहिलेली. पुढच्या वेळी बसल्याबरोबर हात चालू होतो, विचार करण्यात पहिला अर्धा तास जात नाही.

आगाऊ नोंदणीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक बक्षीस दिलं, काहींना दिलंच नाही. नंतर मोकळ्या वेळात पहिला गट इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होता. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. मोठ्यांना हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण कामाची पद्धत म्हणून त्यातून एक नियम घेता येतो: मालिका आधी करा, मग विका. ४० चित्रांचे पैसे आधी घेतलेत तर पंधराव्या चित्रापासून तुम्ही नोंदणी केलेल्यांना खूश ठेवायला लागाल. मासिक वर्गणी घेणार असाल तर तयार झालेल्या चित्रांवरच घ्या, आणि दर महिन्याला नवी भेटवस्तू द्यायचं वचन टाळा. त्या वस्तू बनवण्यात मालिकेचेच तास जातात.

---

जाड_कागद:

विक्रीबद्दल. जर्मन चित्रकार ड्यूररने फ्रँकफर्टच्या याकोब हेलरसाठी १५०९ मध्ये वेदीचित्र (चर्चच्या वेदीवर लावायचं चित्र) पुरं केलं. ठरलेली १३० फ्लोरिन (तेव्हाची सोन्याची नाणी) अपुरी म्हणून वाद घालून २०० घेतले, तरी परवडलं नाही. त्याने हेलरला लिहिलं की असलं वेळखाऊ रंगकाम पुन्हा करणार नाही, त्यापेक्षा कोरीवकामात लक्ष घातलं असतं तर हजार फ्लोरिनने श्रीमंत झालो असतो. एकदा कोरलेल्या पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात आणि विषय आपल्या मर्जीचा असतो. तुमचं गणित तेच आहे.

मूळ चित्र स्कॅन करताना ६०० पीपीआय (इंचाला पिक्सेल) ठेवा. ए-थ्री प्रिंट ३०० पीपीआयने काढायची तर फाइल किमान ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागते. ६०० ने स्कॅन केलं की हवं तर दुप्पट मापाची प्रिंटही निघते, आणि बारीक रेघांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसत नाहीत. कागद सुती, आम्लरहित, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचा घ्या आणि शाई पिगमेंटची (रंगकणांची). डाय शाईची (विरघळलेल्या रंगाची) प्रिंट उजेडात लवकर फिकी पडते आणि विकत घेणारा तुमच्याकडेच परत येतो. पहिली प्रिंट मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात धरून बघा. शाईच्या चित्रात काळा रंग तपकिरीकडे झुकलेला तिथे लगेच कळतो, दिव्याखाली कळत नाही.

मर्यादित आवृत्ती काढणार असाल तर संख्या छापण्याआधी जाहीर करा. ५० म्हणजे ५०, त्याशिवाय कलावंताच्या स्वतःच्या प्रती १० टक्क्यांपर्यंत. क्रमांक आणि सही पेन्सिलीने, चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत. आवृत्ती संपल्यावर मागणी आली म्हणून तीच प्रतिमा वेगळ्या मापात काढायचा मोह होतो. ज्यांनी पहिली घेतली त्यांचा विश्वास तिथे तुटतो. मोठी आणि छोटी अशी दोन मापं हवी असतील तर दोन्ही पहिल्या दिवशीच जाहीर करा.

गॅलरी विक्रीतले ४० ते ५० टक्के घेते, म्हणून मुळात किंमत ठरवताना तो वाटा धरून ठरवा आणि घरून विकतानाही त्याच किमतीला विका. घरून स्वस्त दिलंत तर गॅलरी पुन्हा दार उघडत नाही. मूळ चित्रांच्या किमती मापावर ठरवा, लांबी-रुंदीची बेरीज गुणिले एक ठरावीक आकडा. आवडतं चित्र महाग आणि नावडतं स्वस्त असं केलं की विकत घेणाऱ्याला तुमची नावड आधी कळते. पहिली १४ चित्रं विकू नका, निदान मालिका पुरी होईपर्यंत. भिंतीवर ४० एकत्र लागण्यात जे आहे ते सुटी चित्रं विकून परत मिळवता येत नाही.

---

कलम_सहावं:

तिसरा प्रश्न मागे राहिला म्हणून परत आलो.

शैलीवर कॉपीराइट नसतो, प्रत्यक्ष चित्रावर असतो. म्हणजे तुमच्यासारख्या आडव्या-तिरप्या रेघा उद्या कुणीही वापरू शकतो, आणि तुम्ही जाहिरातीत वापरल्या म्हणून त्या कुणाच्या मालकीच्या होत नाहीत. तेव्हा मालिकेचं काय काय आहे ते वेगळं काढा. टाक, शाई, रेघांची जाळी ही तुमची हत्यारं, ती कामाला देता येतात. मालिकेतली माणसं, जागा, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तू, चौकटीचं माप हे मालिकेचं. यातलं काहीही जाहिरातीत जाऊ देऊ नका.

खरा धोका दोन ठिकाणी असतो. एक, क्रम. जाहिरात आधी सगळीकडे लागली आणि मालिका नंतर आली, तर बघणाऱ्याला मालिका त्या जाहिरातीसारखी वाटते. म्हणून झालेली १४ चित्रं तारीख घालून जाहिरातीआधी लोकांसमोर ठेवा. दोन, करारातलं 'यासारख्या शैलीत इतर कुणासाठी काम करणार नाही' हे कलम. ते तसंच राहिलं तर तुमचीच मालिका त्या कलमाखाली येऊ शकते. ते काढून टाका, किंवा 'याच प्रकारच्या उत्पादनाच्या जाहिरातीपुरतं, मुदत संपेपर्यंत' इतकं अरुंद करा. मुदत सहा ते बारा महिने, पुढे वाढवायची तर नव्याने पैसे.

मग तिप्पट दराचं गणित. काम ६० तासांचं असेल तर १८० तासांचे पैसे मिळाले, म्हणजे १२० तास मोकळे झाले. एका चित्राला तुम्हाला २० तास लागत असतील तर सहा चित्रं. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा ते १२० तास कॅलेंडरमध्ये तारखा घालून त्याच दिवशी अडवून ठेवाल. नाहीतर ते पुढच्या क्लायंटकडे जातात. उत्पादन तुमच्या 'कधीच नाही'च्या यादीत असेल तर हे गणित मांडूच नका.

उत्तर साधारण असं लिहा: 'काम करायला आवडेल. रेघांची पद्धत वापरेन, मालिकेतली पात्रं आणि जागा वापरणार नाही. वापर १२ महिने, ठरलेल्या माध्यमांत. समान शैलीबद्दलचं कलम वगळावं ही विनंती. या अटी जुळत असतील तर रफ सुरू करण्याची तारीख कळवतो.' कारणमीमांसा लांबवू नका. जितकी कारणं द्याल तितक्या कारणांवर घासाघीस होते.

---

शाईपेन:

कराराचा मसुदा आत्ता काढून पाहिला. चौथ्या पानावर ते कलम आहे: 'समान किंवा सदृश शैलीतील कोणतेही काम, २४ महिने.' जाहिरात हा शब्दसुद्धा नाही. वरचा मजकूर जवळपास जसाच्या तसा पाठवत आहे. उत्पादन यादीतलं नाही. मसुद्यात वापराच्या मुदतीचा उल्लेखच नव्हता, म्हणून १२ महिने असं स्पष्ट घातलं आहे.

जाड_कागद, एक राहिलं: १४ पैकी पाच चित्रं साध्या, आम्लयुक्त कागदावर आहेत. ती पुन्हा काढावीत की नुसती स्कॅन करून ठेवावीत?

---

जाड_कागद:

पुन्हा काढू नका, रेघेतला तो जिवंतपणा दुसऱ्यांदा येत नाही. आजच ६०० ने स्कॅन करा, कागद पिवळा पडायच्या आत. मग प्रत्येक चित्र दोन आम्लरहित कागदांच्या मध्ये ठेवा आणि सपाट, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवून द्या. एकावर एक ठेवताना मध्ये कागद हवाच, आम्ल एका कागदातून दुसऱ्यात उतरतं. टेप कुठेही लावू नका. उरलेली २६ सुती कागदावर करा, पण आधी एका तुकड्यावर टाक चालवून बघा. सुती कागदाचे तंतू टोकात अडकून शाई फुटते, तसं झालं तर गुळगुळीत दाबलेला प्रकार घ्या.